पेटीत उरलेलं एक कार्ड

१

पेटीचं कुलूप जागच्या जागी होतं, किल्ली दारामागच्या खिळ्याला होती, आणि पेटीतली एकतीस कार्डं नाहीशी झाली होती. एकतीस म्हणणं बरोबर नाही. तीस नाहीशी झाली होती. एक तळाशी पडलेलं होतं.

गुरुवारची सकाळ होती, नऊ वाजायचे होते. बडनेऱ्याच्या आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात दर गुरुवारी एक आरोग्य केंद्र भरतं. अंगानं मोठी झालेली, पण समज सावकाश येणारी तीस माणसं तिथं येतात. त्यांचं वजन होतं, रक्तदाब पाहतात, दात तपासतात, ज्यांना फिट येते त्यांच्या गोळ्या ठरतात. माझा भाचा बंडू त्यांतलाच एक. वय चौतीस. माझी बहीण वारली तेव्हापासून तो माझ्यापाशी राहतो.

मी सतरंजी अंथरायला म्हणून लवकर जातो. बंडू बाहेर ओट्यावर बसला होता, खांद्यावर त्याची झोळी. प्रत्येकाला केंद्रानं तशी झोळी दिलेली आहे. तीत ताट, पेला, टॉवेल आणि दात घासायचा ब्रश.

"मामा, जरा अंदर या," गजेंद्रनं हाक मारली. केंद्राची सगळी व्यवस्था हा गजेंद्र पाहतो. चाळिशीचा, घाईत बोलणारा माणूस. त्यानं नुसतं पेटीकडे बोट दाखवलं.

कार्ड म्हणतो खरं, पण ते जाड पुठ्ठ्याचं असतं आणि आत दोन वर्षांची पानं शिवलेली असतात. कोणाला कोणती गोळी चालते, किती चालते, कोणत्या गोळीनं अंगावर फोड आले, सगळं त्यात. शनिवारी अकराला अकोल्याहून मोठ्या संस्थेच्या आकांक्षा मॅडम ते पाहायला येणार होत्या. त्यावरून केंद्र पुढे चालवायचं की बंद करायचं ते ठरणार होतं.

तीन वर्षांपूर्वी असंच एक केंद्र इथं होतं. ते बंद पडलं, जीप आली आणि कागदाची पेटी घेऊन गेली. नव्या डॉक्टरला कागदाशिवाय काय कळणार? त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली. बंडूला नेमकी गोळी सापडेपर्यंत दीड वर्ष गेलं. त्या दीड वर्षात एकदा तो चुलीवर पडला. उजव्या हाताची कातडी अजून गोळा झालेली आहे.

"कोनालेच सांगू नका," गजेंद्र म्हणाला. "मायबापायमंधी बोभाटा झाला तं शनिवारच्या आधीच सारं संपलं."

दहा वाजता माणसं येऊ लागली. गजेंद्रनं फाटकातच हात आडवा केला. "आज तपासणी नाही. सुट्टी. जा, घरी जा."

झोळ्या घेऊन आलेली माणसं झोळ्या घेऊन परत वळली. बंडू ओट्यावरून उठेना. "वजन?" तो म्हणाला. "मामा, वजन?"

"आज नाही रे."

त्यानं झोळी छातीशी धरली आणि खाली मान घालून चालू लागला.

गजेंद्रनं मला दाराशी थांबवलं. "मामा, तुमी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते ना? हरवलेलं तुमीच हुडकत होते म्हनतात."

"हमाल होतो बापा, साहेब नव्हतो."

"तरी पाहा. दोन दिवस आहेत."

मी पेटीतलं ते उरलेलं कार्ड हातात घेतलं. प्रत्येक कार्डावर नावासोबत एक चित्र असतं. या कार्डावर रेल्वेचं इंजिन होतं. मोतीरामचं कार्ड.

मोतीराम आषाढात वारला होता. कार्डं नेणाऱ्यानं मेलेला माणूस तेवढा वगळला होता.

२

चोराला सगळं बुडवायचं असतं तर त्यानं सगळी कार्डं उचलली असती. घाई असती तर वरची उचलली असती. इथं कोणीतरी एकतीस कार्डं एक-एक करून पाहिली होती आणि एक बाजूला ठेवलं होतं.

"म्हणजे जिती मानसंच पाहिजेत त्याले," गजेंद्र म्हणाला. "दुसऱ्या कोन्या संस्थेले तयार यादी भेटली, का काम झालं."

त्याचा रोख कोणावर होता ते मला दुसऱ्या दिवशी नीट कळलं. आधी मी महादेवरावांकडे गेलो. समाजमंदिराच्या कमिटीचे ते अध्यक्ष. गुरुवारी हॉल अडतो म्हणून त्यांची वर्षभर कुरकुर चाललेली. दाराची दुसरी किल्ली त्यांच्यापाशी असते.

ते अंगणात बाजेवर बसून दाढी करून घेत होते. मी गोष्ट सांगितली तसे न्हाव्याचा हात धरून हसले.

"अबे पुंजाजी, तुमच्या त्या कागदायले कोन चोरून राहिलं? रद्दीवाला बी तोंड वाकडं करते. मले चोरायचंच असतं तं तो वजनकाटा नेला असता. घरच्या मंडळीले एकडाव उभं करायचं आहे त्याच्यावर."

"काय म्हनले?" आतून आवाज आला.

"काही नाही व. पुंजाजी आला आहे, चहा ठेव."

"हॉल कधी कधी उघडला होता या आठवड्यात?" मी विचारलं.

"तुमचा गुरुवार झाला का मीच कुलूप लावलं. मंग मंगळवारी उघडला. साक्षगंध होतं एका पोरीचं, दोन वाजता अंगठी घातली. पाहुन्यायची गर्दी, बायायले बसाले जागा नाही. ते तुमची पेटी मधात पडलेली. मी पायानं लोटली भितीकडे अन् तिच्यावर पोरीच्या साड्या ठेवल्या."

"पायानं लोटली?"

"मंग काय आरती ओवाळू तिची?"

मी चहा न घेताच उठलो. दर गुरुवारी ती पेटी भिंतीपासून मीच ओढतो. खालची फरशी खडबडीत आहे. एकतीस पुठ्ठे भरलेली ती लोखंडी पेटी सरकवायला मला दोन्ही हात लावावे लागतात, आणि मी चौतीस वर्षं गोण्या उचललेल्या आहेत. महादेवरावांची तब्येत पाहिली तर त्यांच्या पायानं भरली पेटी तसूभर हलणार नाही.

म्हणजे मंगळवारी दुपारी दोनला पेटी रिकामी होती. आणि शुक्रवारपासून मंगळवारपर्यंत हॉलला कुलूप होतं.

कार्डं गेली ती मागच्या गुरुवारीच. आम्ही सगळे तिथं असताना.

३

शुक्रवारी सकाळी आरती सिस्टर स्टेशनाजवळच्या रसवंतीत भेटली. केंद्राची नर्स ती. अमरावतीहून येते. गुरुवारी रिकामी पेटी तिनंही पाहिली होती. तीसही माणसांचे दात, नखं, चपला, तिला सगळं पाठ आहे.

"गजेंद्र सरांनी माझं नाव घेतलं असेल," ती बसता बसता म्हणाली.

"घेतलं नाही. पन त्याच्या तोंडावर होतं."

"माझी ऑर्डर आली आहे मामा. अमरावतीच्या दवाखान्यात. एक तारखेला हजर व्हायचं. तिथं असाच विभाग निघणार आहे, म्हणून त्यांना वाटते मी कार्डं नेली." तिनं पेला खाली ठेवला. "मले न्यायचंच असतं तर मोबाईलवर फोटो काढले असते. पेटी कशाले रिकामी करू?"

"मंग फोटो काढून ठेवले काहून नाही? आज कामी आले असते."

"कारण तो नियम मीच केला. एकाचं दुखणं दुसऱ्याले कळू द्यायचं नाही. कार्ड ज्याचं त्याच्याच हातात, ज्याचं त्यालेच दाखवायचं. पिंकीकडून तर पाठ करून घेतलं आहे मी. ती इकडचं तिकडं होऊ देत नाही."

पिंकी म्हणजे केंद्रात खिचडी करणाऱ्या सुभद्राबाईची मुलगी. सव्वीस वर्षांची. तीही केंद्रातलीच. तिला अक्षर येत नाही, पण चित्र पाहून ती प्रत्येकाचं कार्ड प्रत्येकाला देते आणि संध्याकाळी परत पेटीत ठेवते. भिंतीवर खिळ्यांच्या दोन रांगा आहेत. वरच्या रांगेवर घराचं चित्र, खालच्या रांगेवर केंद्राचं. माणूस आला की त्याच्या चित्राची पाटी पिंकी खाली लावते, गेला की वर. यात चूक झालेली मी पाहिली नाही.

"मागच्या गुरुवारी कोन-कोन गैरहजर होतं?" मी विचारलं.

"कोणीच नाही. महिन्याचा पहिला गुरुवार, गोळ्यांचा दिवस. धामणगावहूनसुद्धा दोघं आले होते. तीसचे तीस." मग ती उठता उठता म्हणाली, "मामा, एक सांगू? गजेंद्र सरांना विचारा, दोन महिन्यांचे रक्तदाबाचे रकाने कोरे काहून आहेत."

४

गजेंद्र समाजमंदिराच्या पायरीवरच बसलेला होता. मी विचारताच त्यानं दोन्ही हात डोक्याला लावले.

"यंत्र बिघडलं होतं मामा. दुरुस्तीले दिलं, ते दोन महिने आलंच नाही. खोटे आकडे मी लिहिले नाही. कोरं ठेवलं. पन खरं सांगू? गुरुवारी पेटी उघडली अन् आत काहीच नाही, तवा पहिले मले सुटल्यासारखं वाटलं. मंग बंडूचा जळलेला हात डोळ्यापुढे आला."

चोर असं सांगत नाही. निदान मी पाहिलेले चोर सांगत नव्हते.

"अकोल्याच्या मॅडमशी बोलला होता तू?"

"मागच्या गुरुवारी. फोनवर. त्या म्हनल्या, मी शनिवारी गाडी घेऊन येते, पेटीच इकडे घेऊन जाते, सवडीनं पाहू. मी होय म्हनलं. पन मले तवाच वाटलं, गेलेली पेटी काही परत येत नाही. मागच्या वेळी बी आली नव्हती."

"मोठ्यानं बोलला?"

"रेंज नव्हती. ओरडूनच बोलावं लागलं. पेटी गाडीत टाकून न्या म्हनलं."

"कुठं उभा होता?"

"इथंच, नळापाशी."

"अन् तिथं कोन होतं?"

"कोनीच नाही."

"आठवून सांग गजेंद्र."

"कोनी नव्हतं म्हनलं ना. म्हणजे, आपलीच मानसं होती. जेवून हात धुवून राहिली होती. पिंकी-बिंकी."

त्यानं ते म्हटलं आणि नळाकडे वळून पाहिलं.

मी आत गेलो. भिंतीवरच्या पाट्या पाहिल्या. तोता, बैल, पतंग, कंदील, तीस पाट्या घराच्या रांगेत. खालच्या रांगेत एकच. इंजिन. गेले चार महिने ती तिथंच लटकत होती. काढायचा धीर आमच्यापैकी कोणाला झाला नव्हता. पण पिंकीला तर कोणी अडवलं नव्हतं. सगळे घरी गेले की ती सगळ्या पाट्या वर लावते. ही का लावत नव्हती?

पार्सल ऑफिसात एक गोष्ट मी पुष्कळदा पाहिली. हरवलेल्या मालातला बराचसा माल चोरीला गेलेला नसायचा. तो नीट पोचलेला असायचा, ज्याचा त्याच्या दारात. फक्त आम्ही त्या दारात जाऊन विचारलेलं नसायचं.

मला बंडूची झोळी आठवली. गेले आठ दिवस ती खुंटीला नव्हती. तो ती उशाखाली घेऊन झोपत होता, जेवताना मांडीवर ठेवत होता. मी समजलो, केळं लपवलं असेल.

आठ दिवस मी त्या झोळीच्या शेजारी बसून जेवत होतो.

५

मी घरी जाऊन झोळी उघडली नाही. ती बंडूची आहे. मी सुभद्राबाईच्या घरी गेलो. ती तूर निवडत होती आणि पिंकी तिच्यासमोर खडे वेगळे करत होती.

"पुंजाजीभाऊ, या. गुरुवारी काय भानगड झाली? मह्या पोरीनं दोन दिवस धड खाल्लं नाही," सुभद्राबाई म्हणाली.

मी जमिनीवर बसलो. "पिंकी, तुले एक विचारू?"

"विचार."

"बंडूचं कार्ड कोनापाशी आहे?"

"बंडूपाशी." तिनं मान वर केली नाही.

"अन् पिंकीचं?"

"पिंकीपाशी."

सुभद्राबाईच्या हातातलं सूप थांबलं. "काय म्हनते हे? पोरी, गुरुवारी काहून सांगितलं नाहीस?"

"कोनी विचारलं नाही," पिंकी म्हणाली. "गजेंद्र सर म्हने घरी जा. मी घरी आली."

खरंच होतं ते. आम्ही न्हाव्यासमोर विचारलं, रसवंतीत विचारलं. जी माणसं झोळ्या घेऊन दारात उभी होती त्यांना सुट्टी दिली. गुरुवारी सकाळी बहुतेक सगळी कार्डं आपल्या पायांनी फाटकापर्यंत आली होती आणि आम्ही हात आडवा करून ती परत पाठवली होती.

"मोतीरामचं काहून ठेवलं पेटीत?"

तिनं तुरीत बोटं फिरवली. मग एक खडा उचलून बाजूला ठेवला. "मोतीराम घरी नाही ना. कोनाले देऊ?"

सुभद्राबाईनं पदर डोळ्याला लावला. मी पिंकीला आणखी एकच गोष्ट विचारली, की हे केलं कशासाठी.

"गाडी येते. पेटी नेते," ती म्हणाली. तिला सलग बोलायला त्रास होतो, पण त्या दिवशी ती थांबली नाही. "पहिले बी आली होती गाडी. पेटी नेली. मंग बंडू पडला, हात जळला. मोतीराम रोज पडे. गोळी कोनाले माहीत नाही. सिस्टर म्हनते, कार्ड ज्याचं त्याच्या हातात. मी ज्याचं त्याले दिलं. झोळीत टाकलं, गाठ मारली. म्हनलं, जपून ठेव, गाडीवाल्याले देऊ नको. मंग पेटीले कुलूप लावलं."

"चुकलं का माहं?" तिनं विचारलं.

मी एकाहत्तर वर्षांचा आहे. इतकं सरळ काम केलेलं मी फार थोड्या माणसांचं पाहिलं आहे. मी म्हटलं, "नाही. आमचं चुकलं."

६

त्याच दिवशी मी आणि गजेंद्र घरोघर फिरलो. आम्ही कार्ड मागितलं नाही. उद्या दहाला झोळी घेऊन या, एवढंच सांगितलं.

शनिवारी अकराला गाडी आली. आकांक्षा मॅडम उतरल्या. पस्तिशीच्या, हातात फाईल. "पेटी कुठे आहे?" त्यांनी विचारलं. ड्रायव्हर मागचं दार उघडून उभाच होता.

गजेंद्रनं पेटी उघडून दाखवली. आत एक कार्ड.

"बाकीची?"

"येऊन राहिली मॅडम. बसा."

पिंकी भिंतीपाशी उभी होती. तिनं पहिली पाटी खाली लावली. तोता. ती तिची स्वतःचीच. तिनं आपल्या झोळीची गाठ सोडली आणि कार्ड काढून धरलं. मग एकेक पाटी खाली येत गेली, एकेक माणूस उठत गेला. पतंग. कंदील. मडकं. धामणगावचे दोघं पहिल्या गाडीनं आलेले होते. एका कार्डाला हळदीचा डाग होता, एक वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेलं होतं. एकानं ते देवघरात ठेवलं होतं, त्यावर कुंकू लागलेलं होतं. बैलाची पाटी लागली तसा बंडू उठला आणि त्यानं मॅडमकडे पाहत झोळी आणखी घट्ट धरली.

"तीस," आरती म्हणाली. "मॅडम, तीसही आहेत."

"छान. द्या इकडे, गाडीत ठेवू."

"न्यायचं नाही," पिंकी म्हणाली. "इथंच पाह."

महादेवराव कशाला आले होते कोण जाणे, पण ते दारातून म्हणाले, "पोरगी बरोबर बोलून राहिली. बसा खाली. सतरंजी काय चावत नाही."

मॅडम बसल्या. अडीच तास बसल्या. प्रत्येक माणूस समोर येऊन आपलं कार्ड दाखवून परत घेऊन गेला. कोरे रकाने निघाले तेव्हा गजेंद्रनं यंत्राची गोष्ट न विचारता सांगितली. पिंकीनं केलेलंही त्यानंच सांगितलं, काही न वगळता.

मॅडमनी फाईलमधलं एक पान उलटलं. "यात एक प्रश्न असतो," त्या म्हणाल्या. "आम्ही निघून गेल्यावर हे काम इथं कसं टिकेल? सगळीकडे त्याचं उत्तर छापील येतं. प्रशिक्षण देऊ, समिती नेमू." त्यांनी पेन काढलं आणि पिंकीला विचारलं, "तुझं नाव लिहिलं तर चालेल?"

"आईले विचार," पिंकी म्हणाली.

सगळं एका दिवसात सुटलं नाही. एका वर्षाची मुदत मिळाली, मागितलेल्या तीन वर्षांची नाही. रक्तदाबाचं यंत्र बंद पडलं तर दुसरं कुठून आणायचं ते ठरवून लिहून द्या म्हणाल्या. आरती अमरावतीला गेली, पण महिन्याचा पहिला गुरुवार तिनं आपल्याकडे ठेवला आहे. महादेवराव कुरकुर करतात आणि हॉल उघडून देतात. त्यांच्या घरची मंडळी एकदा वजनकाट्यावर उभ्या राहून गेल्या. आकडा त्यांनी नवऱ्याला सांगितला नाही. आरतीचा नियम आहे ना.

कार्डं आता ज्याच्या त्याच्या घरी असतात. पेटीत त्यांची नक्कल असते आणि मोतीरामचं खरं कार्ड असतं. त्याचं काय करायचं, असं गजेंद्रनं पिंकीला विचारलं होतं. "राहू दे," ती म्हणाली. "तो इथंच राहते."

त्या शनिवारी आम्ही दुपारी तीनच्या सुमारास घरी आलो. मी चुलीकडे वळलो. बंडू दारात उभा राहून बाहेर पाहत होता. रस्त्यावरून अकोल्याची गाडी गेली. मागचं दार लावलेलं होतं, आत पेटी नव्हती. ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत तो उभा राहिला.

मग त्यानं खांद्यावरून झोळी काढली आणि खुंटीला अडकवली.